पुंजाशेटचे पितळी बिल्ले

जव्हार, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप मामांच्या पायांवर मधूचं डोकं. तुमची कंबर कशी आहे? मामीच्या लेपानं उतार पडला असेल. नाहीतर लेपाच्या वासाला भिऊन तरी ती सरळ झाली असेल. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो.

आपल्याच ज्ञातीतले मोखाड्याचे लाकडाचे व्यापारी पुंजाशेट लोकल बोर्डाला उभे राहिले. (आपल्या संस्थानात ही भानगड नाही, मोखाडा पडला इंग्रजी हद्दीत.) मुंबईत कुणा पुढाऱ्याच्या चेहऱ्याचा पत्र्याचा बिल्ला लोक छातीवर लावून हिंडताना त्यांनी पाहिला आणि मला म्हणाले, "माझे पितळेचे कर. झकास झाले तर सोयरिकीचं बघू." मामा, त्यांची लेक गोदी माझ्या मनात भरलीय हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी जिवाचं रान केलं.

पण मी पडलो सोनार. आजवर चेहरे ठोकले ते टाकांवर, म्हणजे घरातलं माणूस गेलं की देव्हाऱ्यात त्याच्या नावानं पुजतात त्या पत्र्यांवर. हात त्यालाच बसलेला. तेच वाटोळे डोळे, त्याच मिशा, कडेनं तीच ठिपक्यांची ओळ. पगडीचा पीळ तर असा उतरला की शेट बेहद्द खूश!

बिल्ले पोशेऱ्याला गावभर वाटले आणि घात झाला. लोकांनी बघताक्षणी ओळखलं, हा टाक, म्हणजे शेट गेले! म्हाताऱ्या ढवळूनं तो देव्हाऱ्यात ठेवून नव्या तांदळाचा निवद दाखवला. शेटची बहीण रखमी तिथंच दिलेली. ती ऊर बडवत मोखाड्याला आली, तर भाऊ ओट्यावर पान जुळवतोय. (त्याला बघून ती दुप्पट किंचाळली.) मतं गेली दुसऱ्याला. ढवळूला विचारलं तर हळहळून म्हणतो, "मेल्या मानसाला कशाला रं बोर्डाचा तरास? लई चांगला होता बिचारा."

हसू नका मामा. शेट धड जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. मला फार वाईट वाटतं, आणि गोदीचं नाव काढायची तर सोयच उरली नाही.

तुमचा करंटा भाचा,
मधू

ता. क. खरं काम असं, की बाजाराच्या दिवशी मोखाड्याला येऊन तुम्हीच गोदीसाठी शब्द टाका.

आणखी ता. क. पत्र बंद करतोय तोच शेट स्वतः दुकानी येऊन गेले. पोशेऱ्याला बिल्ले परत मागायला गेले होते. जिवंत बघूनही कुणी देईना. एकदा निवद दाखवलेला देव उठवायचा कसा, लोक म्हणाले. शेट ढवळूच्या देव्हाऱ्यापुढं बराच वेळ बसून आले. "बोर्डात मला तांदूळ कुणी वाहिला असता रे?" म्हणाले आणि डोळे पुसले. सोयरीक कबूल! अट एवढीच, ते खरोखर जातील तेव्हा टाक जावयाच्याच हातचा हवा. घाई नाही म्हणाले, पण मिशा अजून थोड्या भरदार.