पावतीवर घेतलेल्या भाल्यांबाबत

मी, लहानू राघो साळवे, निवृत्त सुभेदार, वय बासष्ट, राहणार कामतघर, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. वकील ठेवला नाही. जो ठेवला होता तो पुतण्याच्या ओळखीचा निघाला. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. पाने दोन. कोणी तिसरे दाखवले तर ते माझे नव्हे.

१. राहत्या दोन खोल्या पत्नी राहीबाईला, तिच्यामागे मुलगी मैनाला. पुतण्या तुळशीरामला काही नाही. त्याला तिथे चार लूम टाकायचे आहेत. मागच्या महिन्यात कोरा स्टॅम्पपेपर घेऊन आला नि म्हणाला, "काका, सही फक्त नावापुरती." तशी सही मी आयुष्यात एकदा केली आहे. ते पुढे येईल.

२. चौथीचे कवितांचे पुस्तक नात कलावतीला. काल्हेरच्या शाळेत खाडीचा वारा सुटला की पाट्या मांडीखाली दाबून आम्ही त्या म्हणायचो. आम्हाला वर्गाबाहेर बसवत, पण चाल बाहेरही तीच ऐकू येई. पुस्तक रद्दीत गेल्यास संशय तुळशीरामवर घ्यावा.

३. सन १९६१ साली मी युनोच्या शांतिसेनेबरोबर काँगोत होतो. एका गावाजवळ तळ पडला. संध्याकाळी मी शाळेतल्या कविता म्हणे; अर्थ कोणाला कळत नसे, पण बाया टाळी धरत. त्या ओळखीवरच आमच्या तुकडीच्या साहेबांनी शस्त्रे जमा करायचे काम मला दिले. एकोणीस घरांचे भाले नि ठासणीच्या बंदुका घेतल्या, प्रत्येकाला पावती दिली : कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या की परत. एका म्हातारीने दुभाष्याकरवी विचारले, "हा कागद दार धरून ठेवील का?"

मी म्हणालो, "आम्ही आहोत ना."

नवव्या दिवशी आम्हाला हलवले. पुढच्या आठवड्यात गाव जाळले गेले. चौकशीत साहेबांनी लिहिले की पहारा ठेवला होता. पहारा नव्हता. खाली सही माझी आहे.

४. सत्तरच्या दंगलीनंतर शांतता कमिटीचा सावळाराम आळीतल्या काठ्या-कुऱ्हाडी जमा करायला माझी मदत मागत आला. आधी नाक्यावर माणसे उभी करा, ती हलणार नाहीत असे लिहून द्या, मग कुऱ्हाडी मागा, असे मी सांगितले. तो म्हणाला, "सुभेदार, तुमचाच आमच्यावर भरवसा न्हाय, तर लोकांचा कसा बसायचा?" तेव्हापासून माझ्याकडे बंदूक आहे अशी कुजबुज आहे. खुशाल झडती घ्यावी.

५. काँगोची खरी जबानी व पावत्यांच्या स्थळप्रती पाकिटात आहेत. माझ्या मरणानंतर मैनाने त्या दिल्लीला लष्कराच्या मुख्यालयात पाठवाव्यात. हयातीत पाठवल्या नाहीत, कारण पेन्शन.

हे कलम राहीबाईला वाचून दाखवले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मेल्यावर तुमाला कोन इचारील? साहेब जित्ता हाय. तो म्हनंल, सुभेदार खोटा. मंग जबाब द्यायला कोन, मी?"

कलम पाच रद्द. रेघ माझ्या हातची आहे, खाडाखोड कबूल. पाकीट आजच रजिस्टर पोस्टाने जाईल. पाठवणाऱ्याचा पत्ता याच घराचा घातला आहे. बोलावतील तिथे उभा राहीन. बाकीच्या कलमांनी तोवर थांबावे.

लहानू राघो साळवे
(सही)

साक्षीदार :
१. दामू नथू शेलार, पोस्टमन (सही)
२. नामा चिंधू पाटील, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

भिवंडी, ता. ९ मार्च १९७८