ओट्यामागची जुनी नळी

मंगळवार संध्याकाळ, नागापूर

शेजारणीच्या पायरीवर बसून लिहितेय. भाड्याच्या खोलीत ओट्यामागे गॅसची जुनी नळी आहे. घरमालक म्हणाले होते, "बंद हाय, कापून टाका." म्हणून ह्यांनी आज करवत लावली. चीर पडताच फुस्स आवाज, आणि वास! मी ओरडले, "बटणाला हात लावू नका!" खिडक्या उघडल्या, झोपलेल्या छकुलीला उचलून खाली पळालो. ती नळी खाली मालकांच्या गॅसच्या टाकीला अजून जोडलेलीच होती. टाकी बंद करून ते म्हणाले, "इतकी वर्षं काय झालं न्हाई की."

गॅसवाला नळीची तोंडं बंद करेपर्यंत मी वर जाणार नाही.

ह्यांची करवत चालू होती तेव्हा देवापुढे दिवा लावायला मी काडेपेटीच शोधत होते. हे ह्यांना सांगवत नाही.