नदीकाठी खुर्ची, खुर्चीवर मांजर

३ मार्च
घरात हेर शिरला आहे. बाई आहे, स्वतःला फेलो म्हणवते. म्हातारपण आणि सार्वजनिक आरोग्य या विषयावर फेलोशिप मिळालीय म्हणे. एकटे राहणारे म्हातारे तपासायचे आहेत. विषय चिरंजीवांच्या फार सोयीचा. वर्षभर त्यांचं एकच टुमणं: बाबा, फ्लॅटला कुलूप घाला, आमच्याकडे चला.
तिने पाच शब्द सांगितले, गप्पांत गुंतवलं, मग शब्द विचारले. दोन आठवले. हरकत नाही आजोबा, म्हणाली. हरकत नाही म्हणणारी माणसं धोक्याची. राहिलेले तिनेच सांगितले. ती जिना उतरेपर्यंत पाचही वर्तमानपत्राच्या कडेला टिपले.

४ मार्च
निश्चय: पुढच्या भेटीत पैकीच्या पैकी. शाळेत मधल्या सुट्टीत अख्खी कविता पाठ करायचो. गुरुजी म्हणायचे, चाल लागली की काहीही पाठ होतं. तर: नदीकाठी खुर्ची, खुर्चीवर मांजर, मांजरावर शाल, शालीखाली दिवा. शाल पेटण्याचा संभव आहे. पण चाल छान बसली.

९ मार्च, सकाळ
दूध उतू गेलं. कविता म्हणत होतो. दोष पातेल्याचा, ते उथळ आहे.
फेलोबाई कोपऱ्यावर फोनवर हसताना दिसली. पलीकडे चिरंजीवच. माझ्याशी बोलताना ते हसत नाहीत, ते मुद्दाम.

१७ मार्च
तिने विचारायच्या आत कविता म्हटली, हातवाऱ्यांसकट. तिने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, आजोबा, आज शब्द वेगळे आहेत. नवे शब्द विचारले तेव्हाही तोंडातून मांजरच आलं. उघड उघड दगा.
संध्याकाळी चिरंजीवांना फोन करून खडसावलं: तुझ्या हेरबाईने मला नापास केलं, दूध उतू गेलं, तरी मी इथून हलणार नाही. चिरंजीव म्हणाले, कोण बाई? नापास कशात? गॅस बंद केला होतात ना?
अभिनय उत्तम.

१८ मार्च
फेलोबाईची फोनवर उलटतपासणी. माझं नाव कुणी दिलं? म्हणाली, तुम्हीच, वाचनालयात. कुणी घरी आलं तर शाळेतल्या कविता म्हणून दाखवीन, म्हणाला होतात. मुलाला काय कळवलंत? काहीच नाही, घरच्यांना सांगायचं नाही असा आमचा नियमच आहे.
असं होय.

१९ मार्च
चिरंजीव रविवारी गाडी घेऊन येताहेत. सूनबाईंनी खोलीही लावली. खिडकीशी खुर्ची ठेवलीय म्हणे.
त्यांच्या कानावर हे सगळं घातलं कुणी, याचा छडा लावायलाच हवा.