धवलेरीचे बारा पौंड

आये,

सात जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. जव्हारच्या बँकेत, सगळ्या रांगेसमोर मॅनेजर मला म्हणाला, "आजी, फ्रेम करून भिंतीला लावा. छान दिसेल." मी म्हटलं, "या महिन्याचा तुमचा पगारही फ्रेम करून देऊ या का? तोही छान दिसेल." रांगेतला एक म्हातारा खो खो हसला. मॅनेजर नाही हसला.

चेक तुझ्या नावाचा आहे, बारा पौंडांचा. टेपरेकॉर्डर घेऊन आपल्या साखरशेतला आलेली ती गोरी बाई आठवते? तिनं भरून नेलेलं तुझं लग्नाचं गाणं तिकडच्या एका संस्थेनं आता बाहेर काढलं, आणि गाणारीचा वाटा म्हणून हा चेक गावच्या पत्त्यावर पाठवला. तू जाऊन किती वर्षं झाली हे त्यांना कोण सांगणार? पोस्टमन भला माणूस. त्यानं चौकशी करून पाकीट मोखाड्याला माझ्या दारात आणून दिलं.

ती बाई आली त्या दिवशी तू अंगणात अडून बसली आहेस. मी बोर्डिंगातून सुट्टीला आलेली; कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी आपल्या घरात पहिल्यांदाच कामाला येतंय. "लगीन कोणाचा?" तू विचारतेस. मी सांगते, लग्न नाही, बाईला नुसतं गाणं हवंय. "मंग धवलेरीचा मान?" आपल्याकडे लग्न भटाच्या मंत्रांनी नाही, तुझ्यासारख्या धवलेरीच्या गाण्यानं लागतं, आणि मानाचे पैसे हातात पडल्याशिवाय गाणं पुरं होत नाही, हे त्या बिचारीला काय ठाऊक? तिच्याजवळ परतीच्या भाड्यापुरतेच पैसे होते. म्हणाली, पाठवीन. बाबा हसले, "ती कसली धाडते! इमानात बसली का इसरली." तू म्हणालीस, "धाडील." आणि गायलीस. पुढे कितीतरी वर्षं पोस्टमन पाड्यावर आला की बाबा तुला डिवचायचे, "बघ गो, तुझा मान आला." तू चुलीकडे तोंड करून बसायचीस.

माझ्या मनात मात्र एक जुनं लग्न आहे. नवऱ्याच्या काकानं तुझा मान नेऊन बाबांच्या हातात दिला, कारण बाईच्या हाती पैसे काय द्यायचे. तू गाणं मध्येच थांबवलंस. मांडवात नवरा-नवरी उभी, डोईवर ऊन, सगळे तुझ्याकडे बघताहेत. काका म्हणाला, "घरातच गेला ना? एकच झाला." तू म्हणालीस, "गाणा मी सांगला. माझे हाती दे." बाबांनी तो मान काकाला परत दिला, काकानं तुझ्या पदरात टाकला, तेव्हा कुठे लग्न पुढे सरकलं. मी लाजेनं खांबामागे गेले होते. आज तुझंच वाक्य घेऊन बँकेत उभी राहते.

बँकेचं म्हणणं असं: असे चेक आता कोणी घेत नाही. परदेशी पाठवून वटवायचा खर्च रकमेहून जास्त. शिवाय जिच्या नावाचा चेक, ती हयात नाही, आणि तिचं खातं कधीच नव्हतं. मी पंचायत समितीत जन्म काढला आहे. नाही म्हणायच्या सगळ्या तऱ्हा मला तोंडपाठ आहेत. म्हटलं, हेच कागदावर द्या. तर म्हणे, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला, आजी?" रकमेचं मी काही विचारलंच नव्हतं.

मग मी त्या संस्थेला लिहिलं. उत्तर गोड आलं: चेक रद्द करतो, तुमचा खातेक्रमांक कळवा, पैसे थेट तुमच्या नावावर जमा करतो. सोपं काम. भाची म्हणाली, "मावशी, घेऊन टाक ना. घरातच येतायत." काकाचंच बोलणं, फक्त आवाज गोड. मी खातेक्रमांक कळवला नाही. गाणं मी गायलेलं नाही.

काल पुन्हा गेले. मॅनेजरला अर्ज दिला: चेक का घेत नाही, ते येत्या सोमवारी दुपारी दोनच्या आत लेखी कळवावे. त्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि आये, तो चक्क नरमला. म्हणाला, "बरं, द्या. वारस म्हणून कागद करू, वर पाठवून बघतो. चेक मात्र इथे ठेवावा लागेल." हात पुढे केला त्यानं.

मी दिला नाही. म्हटलं, "आधी लेखी उत्तर," आणि पिशवी छातीशी धरून बाहेर आले. एसटीत बसल्यावर तो काढून बघितला. छापील अक्षरांत तुझं आख्खं नाव. रेशनकार्डावर तू अमक्याची बायको होतीस, माझ्या शाळेच्या दाखल्यावर नुसती आई. एवढं स्वच्छ नाव मी तुझं कुठेच पाहिलं नव्हतं. हे मॅनेजरला मी मरेपर्यंत सांगणार नाही.

तेव्हा आता तूच सांग, ठेवू की देऊ. मान तुझा आहे. सोमवारी बँक उघडायच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे. अंगठा चालेल.