एकशेवीस बुश

१२ नोव्हेंबर, बुधवार

काका,

नमस्कार. तुमचा खोकला कमी झाला असेल. आईची बोटं आहेत तशीच. झालं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी सकाळी बाबा त्यांच्या शेडमध्ये लेथसमोर स्टुलावर बसल्या बसल्या गेले.
२. दुपारी तुम्ही आलात. दारात सगळ्यांदेखत म्हणालात, "लेकीनंच माल परत पाठवला, तेव्हापासून खचला माणूस."
३. येत्या रविवारच्या शोकसभेत मी वाचायचं भाषण काल तुम्ही लिहून पाठवलंत.

वाचलं. 'रणांगणावरचा सिंह' म्हणे. बाबा फौजेत पंधरा वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स उघडत होते. "शत्रूपेक्षा गंजाशीच जास्त लढलो," असं तेच सांगायचे. सख्ख्या भावाची नोकरी काय होती, हे एकदा विचारायला तुम्हाला चाळीस वर्षं होती.

पुढे 'आदर्श पती'. आईची बोटं वाकडी झाल्यापासून रोज दुपारी एकला ते शेड बंद करून घरी यायचे, दोनदा साबणाने हात धुवायचे आणि तिची वेणी घालायचे. ते पाहून "बायकोचा हुजऱ्या" असं तुम्हीच म्हणाला होतात. बाबा हसले. "तुला जमणार नाही रे, पेड सारखे यावे लागतात," म्हणाले. तुम्हाला ते आदर्श वाटायला त्यांना मरावं लागलं.

आता त्या मालाचं.

गेल्या वर्षी बाबांनी लेथवर कातलेले एकशेवीस बुश, त्या आरपार भोकाच्या लोखंडी नळ्या, आमच्या कंपनीत तपासणीला आले. तपासणी माझ्याकडे होती. माप तपासायच्या गेजवर भोक मोठं निघालं, मी सही करून सगळे नाकारले. बाबा स्वतः आले. ते कापलेला तुकडा रात्रभर थंड झाल्याशिवाय कधी मोजत नसत. गरम लोखंड खोटं बोलतं म्हणायचे. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, एकदा तुमचं गेज पण तपासा."

माझ्या हाताखालची माणसं बघत होती. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा, बाबा."

ते माल घेऊन गेले. शेजारच्या शेडमधल्या टर्नर लोकांना सांगितलं, "पोरगी कडक आहे." मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.

चार महिन्यांनी गेज वार्षिक तपासणीला गेलं. झिजलेलं निघालं. मी अहवालावर सही केली, नवीन गेज मागवलं. त्यानंतर सात महिने दर रविवारी बाबांसोबत जेवले आणि सांगितलं नाही. तुम्ही दारात बोललात ते गेजचं तुम्हाला ठाऊक नसताना बोललात, म्हणून त्याला किंमत नाही. पण ते चूक नव्हतं.

तुमचं भाषण मी वाचणार नाही. मला पाच मिनिटं हवीत. ते सगळे टर्नर सभेला येतील. त्यांच्यासमोर सांगायचं आहे की माल बरोबर होता, गेज चुकीचं होतं आणि सही माझी होती. घराण्याची शोभा वगैरे मला सांगू नका.

सभेचा क्रम तुमच्या हातात आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही, एवढंच कळवा.

तो माल नाकारणारी,
तुमची पुतणी