टोळाचे खरे किलोमीटर

मी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), धंदा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचंही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारं माणूस अजून भेटायचं आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

१. मी राहते ते दोन खोल्यांचं घर, आतल्या सामानासह, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला. पुढे तिला 'धाकटी' म्हटलं आहे, कारण ती छप्पन्न वर्षांची झाली तरी मी तिला तेच म्हणते. मी लग्न केलं नाही; दुसरा वारस नाही. स्वयंपाकघरातला नळ बंद करताना डावीकडे दाबावा लागतो.

२. बँकेतली शिल्लकही धाकटीला. त्यातून माझ्या नावाचा बाक, बक्षीस असलं काही करू नये.

३. गाड्यांचं आवार विकावं. शेजारच्या टायरवाल्याला सोडून कोणालाही. बावीस वर्षं तो माझ्या फाटकात टायर रचतो आणि हटकलं की 'पाच मिनिटं हो बाई' म्हणतो. ती पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत. फाटकावरची 'जे आहे ते सांगून विकतो' ही पाटी नव्या मालकाला देऊ नये. उतरवून फोडावी. कारण पुढच्या कलमात आहे.

४. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन दारांची हिरवी स्पोर्ट्स कार आहे. धाकटी तिला 'टोळ' म्हणायची. टोळ भंगारात गेला असं मी तिला सांगितलं होतं. ते खोटं. बाकीचं खोटंही इथेच लिहिते.

एकवीस वर्षांपूर्वी ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा एक लाख अडतीस हजार किलोमीटर धावलेली होती. गाडी उत्तम होती. लांबच्या रस्त्यावर चाललेली, वेळेवर तेल बदललेली गाडी ही कमी धावून वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा बरी, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत असे. पण स्पोर्ट्स कार घ्यायला येणारा आधी मीटर बघतो आणि लाखाचा आकडा दिसला की दार लावून चालू पडतो. असे अकरा जण गेले. एका दुपारी मी मीटर उघडून स्क्रू ड्रायव्हरने आकड्यांचं पहिलं चाक एक घर मागे फिरवलं. एकाच्या जागी शून्य. दहा मिनिटं लागली. पदवीचा एवढा थेट उपयोग मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

त्याच आठवड्यात धाकटी आली. तिचा घटस्फोट नुकताच झाला होता. टोळात बसली ती उतरेना.

"ही नको," मी म्हटलं.

"का?"

"तुला झेपायची नाही."

"मला काय झेपतं ते आधी आई ठरवायची, मग नवरा. आता तू का, ताई?"

खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी किल्ली दिली.

आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणाले, "बाई, टायमिंग बेल्ट बदलूनच देऊ." इंजिनातला हा पट्टा लाखभर किलोमीटरला बदलावाच लागतो, चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचा आतून चुराडा. पण अडतीस हजार दाखवणाऱ्या गाडीचा पट्टा का बदलला, असं धाकटीने विचारलं असतं. मी नको म्हटलं. मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसत निघून गेले.

चौदा महिन्यांनी एका चढावर पट्टा तुटला. धाकटीला खरचटलंही नाही. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. टोळ ओढून आवारात आणला. उघडलेल्या इंजिनापाशी उभी राहून ती म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं गं?"

मी म्हटलं, "गिअर आपटत टाकतेस. आणखी काय?"

त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. वीस वर्षं ती कामाला बसने जाते, आणि कोणी विचारलं की "माझ्या हाताला गाडीच नाही," असं हसत सांगते. बऱ्याचदा मी शेजारी बसलेली असते.

मिस्त्रींनी आता इंजिन नव्याने बांधलं आहे, पट्टा नवा घातला आहे. मीटरमधला एकचा आकडा मी माझ्या हाताने जागेवर आणला. गाडी धाकटीला. माझ्या पश्चात हे कलम तिला वाचून दाखवावं.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून मिस्त्रींना माझी हत्यारं कालच हातोहात दिली. तो एक स्क्रू ड्रायव्हर कोणालाही नाही.

६. हे कलम नंतर जोडलं आहे. शुक्रवारी सहीसाठी मिस्त्रींना बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्यांनी वाचला, चौथं कलम दोनदा, आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्ही गेल्यावर धाकट्या बाईंनी भांडायचं कोणाशी?"

"मिस्त्री, सही करा."

"तेव्हा गप्प बसलो, बाई. आता पुन्हा गप्प बसून सही करणार नाही."

मला राग आला. दोन दिवस टिकला. तो ओसरल्यावर खाली लाज होती. ती आधीपासून तिथेच होती.

रविवारी धाकटीला बोलावलं, ताडपत्री काढली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिने वाकून मीटर बघितला. "वीस वर्षं, ताई," एवढंच म्हणाली. मग किल्लीसाठी हात पुढे केला. टोळ आवारात दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा ती फाटकापर्यंत गेली, हॉर्न वाजवला. टायर अर्ध्या मिनिटात हलले. माझ्याकडे न बघता ती बाहेर पडली.

तीन दिवस झाले, तिचा फोन नाही. यावाच असंही नाही. कागदपत्रं तिच्या नावावर करायला दिली आहेत. टोळ आता माझ्या मालमत्तेत नाही. तरी कलम चार खोडू नये. त्याखाली एवढी नोंद करावी: धाकटी गिअर नीट टाकते. मी फाटकाशी उभी राहून, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत, कान देऊन ऐकलं. ती पहिल्यापासून नीटच टाकत होती.

ठिकाण: गाड्यांच्या आवारातलं कार्यालय
दिनांक: १३ मार्च, बुधवार, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: मिस्त्री (सही, सगळं वाचून)
साक्षीदार २: शेजारचा टायरवाला (सही, कलम तीनमुळे वाचू दिलेलं नाही)