डावीकडचं गाव

रविवार, १२ जानेवारी १९९२. पनवेल.

सहलीहून आत्ताच आलो. पाय भरून आलेत, पण हे आजच लिहायला हवं.

आंबेनळी घाटात गाइड माइकवरून म्हणाले, "उजवीकडे प्रतापगड बघा. डावीकडे बघण्यासारखं काही नाही." सगळे उजवीकडे वळले. सासूबाई मात्र डावीकडच्या काचेला नाक लावून बसलेल्या.

"आई, काय बघताय?"

"खाली ती कौलं दिसतात ना, ते माझं माहेर."

भाऊ वारल्यापासून वीस वर्षं त्या तिकडे गेलेल्याच नाहीत. मी उठले, गाइडना सांगितलं. वाटलं, वेळ नाही म्हणतील. तर त्यांनी बस थांबवली आणि माइक आईंच्या हातात दिला. "आजी, आता तुम्ही सांगा."

आणि सांगितलं त्यांनी. विहीर, शाळा, उतारावरची नाचणी. अख्खी बस डावीकडे येऊन बघत होती.

डावीकडे काही नाही म्हणे! पण मी तरी अकरा वर्षांत कुठे विचारलं? स्वतः दर दिवाळीला माहेरी जाते.

जेवताना विचारलं, "आई, माहेरी तुम्हाला काय म्हणायचे?"

"चिमी," म्हणाल्या, आणि चक्क लाजल्या.